अंगठ्याची वीट

थोरली कुणाला भीत नव्हती, आणि ही गोष्ट तिने कधी लपवून ठेवली नव्हती. नदीकाठच्या वीटभट्ट्यांवर वयाने तिच्याहून मोठ्या दोघी-तिघी होत्या, तरी थोरली म्हणायचे ते हिलाच. तोंडामुळे म्हणायचे. गाडीवाला विटा भरताना त्यांचे कोपरे फोडायला लागला की ती लांबूनच ओरडायची, "अरे, लेकरू उचलतोयस की धोंडा?" आणि गाडीवाला खरोखर लेकरू उचलल्यासारखा उचलायचा.

भट्टी सगळ्यांची मिळून एक. वेगळी लावायची तर जळण परवडत नाही. प्रत्येक घर आपापला मातीचा गारा तुडवायचं, आपापल्या साच्यात विटा पाडायचं, वाळवायचं, आणि मग सगळ्यांच्या कच्च्या विटा एकाच भट्टीत थरावर थर लागायच्या. भाजून निघाल्यावर कुणाची कुठली हे कळावं म्हणून ओल्या विटेवरच खूण करायची. कुणाची पानाची, कुणाची बांगडीची, कुणाची चौकडीची. घरंही त्याच नावाने चालायची: पानवाले, बांगडीवाले, चौकडीवाले. थोरलीच्या घरची खूण अंगठा. साचा उचलला की विटेच्या पोटात अंगठा दाबायचा, तो तिनेच. सून येऊन इतकी वर्षं झाली तरी ते काम तिने सुनेला दिलं नव्हतं.

मग मंदी आली. शहरातले कारखाने एकेक करून थंड पडले. आधी आकाशातला धूर विरळ झाला, मग सकाळचा भोंगा वाजेनासा झाला, आणि मग रस्त्याने माणसं उलटी चालायला लागली. पोट भरायला शहरात गेलेली, तीच गाठोडी घेऊन परत. बँकेच्या दाराला कुलूप लागलं. अर्धी उठलेली घरं तशीच राहिली. खिडक्यांच्या भोकांतून कावळे ये-जा करायला लागले. घरंच बांधायची नाहीत, तर वीट कुणाला हवी? भट्टीवर भाजलेल्या विटांच्या राशी उभ्या राहिल्या. त्यांच्या फटींत गवत उगवलं, आणि थोरलीची कोंबडी जाऊन तिथे अंडी घालायला लागली.

"बरं झालं," थोरली म्हणाली. "विटांचा काही तरी उपयोग झाला."

पुढे कोंबडीही गेली. ती कापली त्या दिवशी कुणी विनोद केला नाही.

अशा दिवसांत एकाच माणसाने बांधकाम काढलं. धान्याचा व्यापारी. सगळं स्वस्त झालं होतं, माणूसही स्वस्त झाला होता, म्हणून त्याने मोठं गोदाम बांधायला घेतलं. लोकांच्या डब्यात दाणा नाही आणि याला दाणे ठेवायला जागा पुरत नाही. त्याचा मुनीम भट्टीवर आला, रुमालाने नाक धरून उभा राहिला आणि म्हणाला, "निम्मा भाव. गाडीत भरूनही तुम्हीच द्यायच्या."

पानवाला पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. थोरली पुढे झाली. हात कोपरापर्यंत गाऱ्याने भरलेले.

"मुनीमजी, निम्म्या भावात जळणसुद्धा सुटत नाही. तुमच्या मालकाला सांगा, दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात, पण इतकी मऊ नाही."

लोक हसले. मुनीम हसला नाही. "राशीला गवत आलंय, बाई," तो म्हणाला. "गवत खाणार का?"

"खाऊ. तुमच्याकडून विकत घेणार नाही, एवढं नक्की."

त्याच संध्याकाळी सगळी घरं गाऱ्याच्या खड्ड्यापाशी जमली. भट्टीवरची जुनी रीत होती: शब्द द्यायचा तर ओल्या गाऱ्यात हात घालून द्यायचा, आणि तो गारा वाळून आपोआप गळेपर्यंत हात धुवायचा नाही. कुणीही निम्म्या भावाला वीट द्यायची नाही. जो देईल त्याच्या विटा भट्टीत लागणार नाहीत, त्याला जळण नाही, खड्ड्यातली माती नाही. पानवाल्याने हात घातला, बांगडीवालीने घातला, चौकडीवाल्या दोघा भावांनी घातला. थोरलीचा लेक वाकला. शेवटी रस्त्याकडच्या झोपडीतली मुकी आली.

मुकी म्हणजे मुकी नव्हती. नवरा खाणीत दगावला तेव्हापासून ती बोलायची कमी, म्हणून नाव पडलं. एकटीच गारा तुडवायची, एकटीच साचा ओढायची. विटेवर दोन बोटं ओढायची, ती तिची खूण. तिने हात घातला, काढला, आणि एक शब्द न बोलता गेली.

थोरलीला ते आवडलं नव्हतं. न बोलणाऱ्या बाईचं काय चाललंय हे कळत नाही, असं तिचं मत होतं.

रात्री जेवताना लेकाचा हात स्वच्छ धुतलेला होता. थोरलीच्या नजरेला ते पडलं. हात धुतल्याशिवाय जेवू नये असं तिनेच त्याला लहानपणी शिकवलं होतं, तेव्हा तिने ते तिथेच सोडलं.

त्यानंतरचे दिवस पातळ होते. पेज पातळ, कपडे पातळ, माणसं पातळ. थोरलीच्या हातातली बांगडी कोपरापर्यंत सरकायला लागली. म्हातारा, तिचा नवरा, छातीने आधीच खिळखिळा. तो भिंतीला टेकून खोकायचा आणि खोकून झालं की हसायचा, जणू चूक झाली. तरी थोरली पहाटे उठून गारा तुडवायची. विकल्या जाईनात, पण विटा पाडायच्या. हात थांबला की माणूस संपतं, असं ती म्हणायची.

मग एक दिवस पेज घट्ट झाली. दुसऱ्या दिवशी तिच्यात बटाटे आले.

"हे कुठून?" थोरलीने विचारलं.

सून चुलीकडे तोंड करून होती. "माहेरून, आई. भावाने पाठवलं."

"तुझ्या भावाने? लग्नात ज्याने एक पातेलं दिलं, तेही गळकं?"

"माणूस बदलतं," सून म्हणाली.

म्हातारा मान खाली घालून भराभर जेवत होता. लेक उठून बाहेर गेला. थोरलीने बटाटा मोडला. आतून वाफ आली. तिच्या तोंडाला पाणी सुटलं आणि डोळ्यांनाही, आणि डोळ्यांतल्या पाण्याबद्दल ती कुणाला काही बोलली नाही. पुढच्या सकाळी पाण्यावर मात्र तिने सगळ्या बायकांना ऐकवलं, "सोयरे असावेत तर असे. आमच्या सुनेचं माहेर वेळेला उभं राहिलं. नाही तर काही लोक, एक शेठ दिसला की जीभ बाहेर."

बायका खाली बघून घागरी भरत होत्या. बांगडीवाली म्हणाली, "नशीब बाई तुझं." थोरलीने मान ताठ केली.

गाड्यांच्या चाकोऱ्या आधी तिनेच पाहिल्या. सकाळी दव पडलेल्या मातीत खोल गेलेल्या, ताज्या. भरलेली गाडी गेल्याशिवाय चाक इतकं रुतत नाही. चाकोऱ्या भट्टीकडून निघून मुकीच्या झोपडीवरून रस्त्याला लागत होत्या. ती घरी आली, साचा घेतला आणि परत खाली ठेवला.

"कुणी तरी विकतंय," ती लेकाला म्हणाली.

लेक कुऱ्हाडीच्या दांड्याला पाचर ठोकत होता. ठोकायचा थांबला नाही. "चाकोऱ्या कुणाच्या दारावरून गेल्यात?"

"मुकीच्या."

"मग विचारतेस काय?"

भट्टी लावायला घेतली होती. खालचे थर बसले होते, मुकीच्या विटाही त्यांत लागल्या होत्या. थोरलीने सगळ्यांना बोलावलं. मुकी आपल्या विटांची शेवटची पाटी डोक्यावर घेऊन येत होती. थोरली तिच्या वाटेत उभी राहिली.

"पाटी खाली ठेव. तुझ्या दारावरून गाड्या जातात. आम्ही पोटाला चिमटा घेऊन बसलोय आणि तू गाड्या भरतेस. गाऱ्यात हात कशाला घातला होतास मग? मळ काढायला?"

मुकीने पाटी खाली ठेवली नाही. डोक्यावर तसंच ओझं. तिने एकेकाकडे पाहिलं. पानवाल्याकडे, चौकडीवाल्या भावांकडे, बांगडीवालीकडे. लेकाकडे तिची नजर जरा जास्त टिकली. मग थोरलीकडे पाहिलं.

"मी विकल्या नाहीत," ती म्हणाली.

"मग कुणी विकल्या? सांग नाव."

मुकीचे ओठ हलले. पण तिने नुसती डोक्यावरची पाटी सावरली.

"बघा," थोरली म्हणाली. "चोराला नाव सापडेना."

कुणी हूं की चूं केलं नाही. थोरलीला वाटलं, सगळे आपल्या शब्दाने गप्प झाले. तिने लेकाला खूण केली. लेकाने थरातून दोन बोटांच्या विटा काढायला सुरुवात केली. पानवाला त्याच्या हाताखाली लागला. दोघं विटा काढून उघड्यावर मांडत होते, आणि कच्च्या विटेलाही लागत नाही इतक्या हळू मांडत होते, की थोरलीला राग आला. "लेकरं निजवताय का?" ती म्हणाली. मोकळ्या झालेल्या जागेत दुसऱ्यांच्या विटा बसल्या. भट्टीला आग दिली गेली.

त्याच दुपारी अवेळी आभाळ आलं. जोराचा पाऊस नव्हता, बुरबुर होती. भाजलेल्या विटेला बुरबुरीने काही झालं नसतं, भट्टीवर पत्रे होते. पण मुकीच्या कच्च्या विटा उघड्यावर होत्या. त्यांच्या कडा आधी गोल झाल्या, मग त्या एकमेकींत मिसळल्या, आणि दिवेलागणीला तिथे नुसता चिखलाचा उंचवटा राहिला. मुकी भिजत त्यांच्यावर फाटकं पोतं पसरत होती. कुणी मदतीला गेलं नाही. थोरली दारातून बघत होती. एक पाऊल तिने बाहेर टाकलं, आणि मागे घेतलं. शब्द म्हणजे शब्द.

तरी तिला चैन पडेना. "मी विकल्या नाहीत" हे मुकी ज्या आवाजात म्हणाली तो आवाज तिच्या कानातून जाईना. खोटं बोलणारा माणूस जास्त बोलतो, हे थोरलीला ठाऊक होतं. तेव्हा तिने ठरवलं, पुरावाच आणायचा. गोदामाच्या भिंतीतली दोन बोटांची एक वीट आणून सगळ्यांसमोर मुकीच्या पायाशी टाकायची, म्हणजे प्रश्न मिटला.

व्यापाऱ्याकडून काही घेणार नाही असं ती मुनीमाला म्हणाली होती. पण हे पुराव्यासाठी होतं. घरी तिने सांगितलं, मीठ आणायला जाते.

गोदाम गावाबाहेर होतं. भिंती छातीएवढ्या उठल्या होत्या. बाहेर कामाच्या आशेने बसलेले लोक, शहरातले, कोट घातलेलेसुद्धा. एकाच्या कोटाला बटणांच्या जागी सुतळी होती. आत एकच गवंडी थापीने वीट बसवत होता.

"मावशी, काम नाही," तो मान वर न करता म्हणाला.

"मला काम नको. वीट बघायची आहे."

"वीट बघायची?" त्याने वर पाहिलं. "बघा बाई. फुकट असतंय ते एवढंच राहिलंय."

गवंडी वीट खुणेची बाजू वर ठेवून बसवतो. खुणेच्या खळग्यात चुना बसतो, वरची वीट घट्ट धरते. म्हणजे भिंतीच्या डोक्यावरचा थर, पुढचा चुना पडेपर्यंत, उघडा असतो. थोरली भिंतीपाशी गेली आणि वाकली.

पहिली वीट पानाची होती.

तिला वाटलं, जुनी असेल. शेजारची बांगडी. तिच्या शेजारी पुन्हा पान. मग चौकडी, चौकडी, बांगडी. ती भिंतीला हात लावून पुढे सरकत गेली, जणू अंधारात चाचपतेय. कोपऱ्यावर वळली. तिथे अंगठे होते. एका ओळीत, सगळे अंगठे. तिने आपला अंगठा एका खळग्यात ठेवला. तो साच्यातल्यासारखा बसला. तिच्या अंगठ्याला लहानपणी विळा लागलेला, तिथे आडवी खाच होती. विटेतही खाच होती.

दोन बोटं कुठेच नव्हती. तिने भिंत परत उलटी फिरून पाहिली. मग बाजूला रचलेली रास पाहिली. ती विटा हाताने सरकवून खालच्या बघायला लागली, नखांत लाल भुकटी भरली.

"काय हरवलंय, मावशी?" गवंड्याने विचारलं.

"या विटा कोण आणतं?"

"भट्टीवरचे लोक. एक पोरगा येतो, उंच. तोच बोलतो सगळ्यांच्या वतीने. हुशार आहे." गवंडी हसला. "मुनीम निम्मा म्हणाला की हा म्हणतो, आमच्याकडे एक म्हातारी आहे, ती पेटली तर एकही वीट मिळायची नाही, जरा चढवा. मुनीम चढवतो थोडंफार. भारी असणार म्हातारी."

"असेल," थोरली म्हणाली.

"तुम्ही ओळखता?"

"नाही."

ती परत निघाली तेव्हा ऊन चढलं होतं. मीठ घ्यायचं ती विसरली. सुतळीच्या बटणांचा माणूस तिला पाहून उठून उभा राहिला, तिच्याकडे काम असल्यासारखा.

घरी लेक, सून आणि म्हातारा तिघंही होते. ताटांत बटाटे वाढलेले. थोरली उंबऱ्यात उभी राहिली. तिने लेकाच्या हातांकडे पाहिलं. स्वच्छ होते.

"माहेर बरंच दानशूर आहे हो तुझं," ती सुनेला म्हणाली.

सुनेच्या हातातली पळी खाली आली.

"आई, बस आधी," लेक म्हणाला.

"सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी. आधी पानवाल्याने. त्याचं बाळ दूध नसल्याने पिवळं पडलं होतं, तुला माहीत आहे. मग आम्ही ठरवलं, करायचं तर सगळ्यांनी मिळून, चोरून, राशी मागच्या अंगाने पोखरत."

"सगळ्यांनी मिळून. मी कोण मग?"

"तू ऐकलं नसतंस."

"नसतं ऐकलं."

"आणि जेवलीही नसतीस," म्हातारा भिंतीकडून म्हणाला. तो पहिल्यांदाच बोलला. "मेली असतीस गं. म्हणून मीच म्हटलं, हिला नको सांगायला."

थोरलीने त्याच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं ज्याच्या पाठीला तेल लावलं त्याच्याकडे. "तुम्हीसुद्धा," असं ती तोंडाने म्हणाली नाही. ते त्याला दिसलं, आणि तो खोकायला लागला. या वेळी खोकून झाल्यावर हसला नाही.

"कुंपणाने शेत खाल्लं, ते खाल्लं," ती लेकाला म्हणाली. "पोटासाठी माणूस काय करत नाही. पण मला पुढे उभी करून भाव चढवलास. शेतात बुजगावणं उभं करतात तशी. तेही असो. मुकीचं काय? तिच्या विटा थरातून तू आपल्या हाताने काढल्यास. तुला माहीत होतं."

लेकाने मान खाली घातली. "तू चाकोऱ्या पाहिल्यास. कुणाचं तरी नाव घ्यावंच लागणार होतं."

"आणि ती काही बोलायची नाही, म्हणून मुकीचं घेतलंस."

लेकाने आपलं ताट बाजूला सारलं.

"आई, जेवून घ्या," सून रडत म्हणाली. "निवतंय."

थोरलीने ताटाकडे पाहिलं. तिला भूक होती. ती गोष्ट तिला सगळ्यांत जास्त लागली, की या घडीलाही भूक होती आणि बटाट्याचा वास चांगला येत होता. ती साच्याच्या खुंटीकडे गेली, साचा काढला आणि बाहेर पडली. मागून लेकाने हाक मारली. तिने मागे पाहिलं नाही.

मुकी आपल्या चिखलाच्या उंचवट्यात पाय रोवून उभी होती. वितळलेल्या विटांचा पुन्हा गारा करत होती, एकटी, टाचेने दाबत, वळत, दाबत. पलीकडे भट्टी धुमसत होती आणि तिचा धूर झोपडीवर येत होता. थोरली कडेला उभी राहिली. तिला बोलायला सुरुवात सापडेना. असं आयुष्यात कधी झालं नव्हतं.

"तुला माहीत होतं," शेवटी ती म्हणाली.

"गाड्या माझ्याच दारावरून जातात," मुकी म्हणाली. "झोप मोडायची."

"मग बोलली का नाहीस? मी नाव विचारलं होतं."

मुकीने पाय उचलला, चिखल सुटल्याचा आवाज झाला. "तुम्ही विचारायला आला नव्हतात, थोरलीबाई. सांगायला आला होतात. आणि तुमच्या पोराचं नाव मी तुमच्या तोंडावर घेतलं असतं, तर तुम्ही मला जिवंत सोडलं असतंत?"

थोरलीने हातातली बांगडी मागे सारली.

"तू विकल्या का नाहीस? सगळ्यांनी विकल्यावर?"

"हात घातला होता ना," मुकी म्हणाली. तिला प्रश्नच कळला नसावा.

भट्टीवरून पानवाल्याने दोघींना पाहिलं आणि तोंड फिरवलं. बांगडीवाली घागर घेऊन येत होती, ती दुसऱ्या वाटेने गेली.

"मी सांगते सगळ्यांना," थोरली म्हणाली. "आत्ता बोलावते."

"काय सांगणार?" मुकीने विचारलं. "सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही सोडून."

थोरलीने साचा खाली ठेवला, बाह्या वर सारल्या आणि चिखलात उतरली. गारा थंड होता, पोटरीपर्यंत आला. मुकी या म्हणाली नाही आणि जाही म्हणाली नाही. नुसती एका बाजूला सरकली, तुडवायला जागा लागते तेवढी.

ऊन कलायला लागल्यावर थोरलीने पहिली वीट पाडली. साचा भरला, वरचा गारा काठीने सपाट केला, साचा अलगद उचलला. वीट कडेसकट चोख उभी राहिली. सवयीने तिचा हात पुढे गेला आणि अंगठा विटेच्या पोटापाशी थांबला. मुकी साचा धुता धुता बघत होती.

थोरलीने अंगठा मुठीत घेतला, आणि दोन बोटं ओढली.